तुमचा वकील ‘हे घर घेऊ नका’ म्हणू शकेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कर्वेनगरमध्ये 2003 सालच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट 92 लाखांना ठरतोय. फ्लॅट मूळ वडिलांनी घेतलेला. ते वारले, मुलगा नॉमिनी होता, आता सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव आहे. तो अमेरिकेत असतो आणि इथले व्यवहार त्याचे काका कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) बघतात. एजंट म्हणतो, ‘वकील आपलेच आहेत, दोन्ही पार्ट्यांचं काम करून देतील, आणि बँक सर्च करतेच की.’ तुमचे मामेभाऊ मुंबईत फौजदारी वकिली करतात, ते कागद फुकट बघायला तयार आहेत. शनिवारी एक लाखाचं टोकन द्यायचं आहे. अशा वेळी वेगळा स्थानिक वकील लागतो का, आणि लागत असेल तर तो ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलंय.

लागतो. आणि तो शनिवारच्या आधी लागतो.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात हेच काम करते आहे. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयांमध्ये, म्हणजे जिथे दस्त नोंदवतात तिथे, सर्च घेणं (मिळकतीचे जुने व्यवहार नोंदींत शोधणं), टायटल म्हणजे मालकी तपासणं, साठेखत (विक्रीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) तयार करणं. या काळात जी कुटुंबं डोळ्यांत पाणी घेऊन माझ्या टेबलासमोर बसली, त्यांतल्या बहुतेकांकडे वकील होता. फक्त तो एजंटनं दिलेला होता, किंवा तो आला तेव्हा पैसे देऊन झालेले होते. म्हणून वकील किती हुशार आहे हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न हा, की ‘हे घर घेऊ नका’ असं तुम्हाला सांगितल्यानं त्याचं काही नुकसान होतं का? होत असेल, तर तो तुमचा वकील नाही.

एजंटच्या वकिलाचं नुकसान होतं. व्यवहार मोडला की एजंटची दलाली जाते, आणि दोन-तीनदा असं झालं की त्या वकिलाकडे कामं येणं थांबतं. तो माणूस वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण शंका आली तर ती मोठ्यानं बोलायची की ‘नंतर बघू’ म्हणायची, या क्षणी त्याचा कल कुठे जाणार हे उघड आहे. शिवाय ‘दोन्ही पार्ट्यांचं काम’ हे सोयीचं वाटलं तरी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. एका पक्षाचं काम केलेल्या वकिलानं त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम करायचं नसतं. साठेखतातलं एकेक कलम म्हणजे दोन बाजूंमधली ओढाताण असते. ताबा कधी, उशीर झाला तर काय, टायटलमध्ये दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत, जुनी थकबाकी कोणाची. ही ओढाताण एकच माणूस दोन्ही टोकांनी कशी करणार?

आता बँकेबद्दल. बँक सर्च करते हे खरं आहे आणि चांगल्या बँकेच्या पॅनेलवरचे वकील बारकाईनं करतातही. पण तो अहवाल बँकेला उद्देशून असतो, बऱ्याचदा तुमच्या हातातही येत नाही. बँकेचा प्रश्न एवढाच असतो की आपलं कर्ज सुरक्षित आहे का. 92 लाखांच्या फ्लॅटवर बँक फार तर 70-73 लाख देईल. उरलेले तुमचे असतात आणि तेच आधी जातात. टायटल पुढे अडचणीत आलं तरी तुमचा हप्ता थांबत नाही, कारण कर्ज तुम्ही घेतलेलं असतं. आणखी एक, बँकेचा वकील फाइल उघडतो तोवर तुमचं टोकन आणि बहुतेक वेळा साठेखतही होऊन गेलेलं असतं. त्यानं त्रुटी काढली तर कर्ज नाकारलं जातं. तुमचे दिलेले पैसे विक्रेत्याकडून सोडवून आणणं हे त्याचं काम नव्हे.

मामेभावांना दुखवू नका, त्यांचा उपयोग करून घ्या. सर्च त्यांच्याकडून करून घेऊ नका, पण स्थानिक वकिलाचा अहवाल आला की त्यांना शेजारी बसवून तो वाचा. घरचा माणूस कायद्याची भाषा जाणतो, तुमच्यासाठी आडवेतिडवे प्रश्न विचारू शकतो. मुंबईत मिळकतीच्या कामाची परंपरा मोठी आहे, फोर्टमधल्या सॉलिसिटरांच्या जुन्या फर्म पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत. पण तिथल्या मोठ्या सॉलिसिटरलाही पुण्यातल्या फ्लॅटचा सर्च घ्यायचा तर तो पुण्यातलाच वकील गाठतो. का, ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नातला ‘स्थानिक’ हा शब्द माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

तुम्ही म्हणता कर्वेनगर. कागदांवर कर्वेनगर सापडणार नाही, तिथे मौजे हिंगणे बुद्रुक असेल. सिंहगड रस्त्याकडचं हिंगणे खुर्द हे वेगळं गाव. सहकारनगरचा फ्लॅट घ्याल तर दस्तात मौजे पर्वती दिसेल, शिवाजीनगरचे जुने कागद भांबुर्डे म्हणतील. सर्च गावाच्या नावानं आणि सर्व्हे नंबरनं किंवा सिटी सर्व्हे नंबरनं घ्यायचा असतो. गाव चुकलं, किंवा हिस्सा नंबर चुकला, तर सर्च कोरा करकरीत निघतो आणि माणूस खूश होतो. मिळकत निर्वेध, म्हणजे बोजा किंवा वाद नसलेली, असल्यामुळे कोरा निघालेला सर्च आणि चुकीच्या जागी शोधल्यामुळे कोरा निघालेला सर्च दिसायला अगदी सारखे दिसतात. हा फरक ओळखायला त्या गावाचे कागद पूर्वी हाताळलेले असावे लागतात.

दुसरं, पुण्यात हवेली क्रमांक एक, दोन, तीन अशी दुय्यम निबंधकांची बरीच कार्यालयं आहेत आणि शहरातल्या मिळकतीचा दस्त यांतल्या कुठल्याही कार्यालयात नोंदवता येतो. म्हणजे एका कार्यालयात पाहून भागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा थोडक्यात उतारा) बघता येतात, ते तुम्हीही आज रात्री बघा, जरूर बघा. पण पुण्यात संगणकावरची नोंद साधारण 2002 च्या आसपासपासून मिळते. तुमची इमारत 2003 ची. याचा अर्थ जमीन मूळ मालकाकडून बिल्डरकडे कशी आली, विकसन करारनामा (जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला करार) कोणी केला, त्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, ही सगळी महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीची आहे आणि ती हातानं लिहिलेल्या रजिस्टरांत आहे.

मी नवीन होते तेव्हा एका फ्लॅटचा सर्च संगणकावर पाहून अहवाल लिहिला आणि मोठ्या उत्साहानं सरांपुढे ठेवला. सरांनी एकच विचारलं, ‘वही बघितलीस?’ मी गप्प. दुसऱ्या दिवशी दिवसभर उभं राहून जुने इंडेक्स चाळले तेव्हा 1990 च्या दशकातलं एक साठेखत सापडलं, त्याच जमिनीचं, दुसऱ्याच माणसाला करून दिलेलं, रद्द झाल्याची नोंद कुठेही नाही. त्या घरात जे आजोबा राहायला जाणार होते त्यांनी निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घातले असते. तेव्हापासून वही न बघता मी अहवालावर सही केलेली नाही.

सर्च तीस वर्षांचा का घेतात, असंही लोक विचारतात. गहाण सोडवण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं आहेत. सरकारला दावा लावायचा तर त्यालाही तीस. म्हणून ही रीत पडली. मधल्या वर्षांचे इंडेक्स फाटलेले असतात, काही बांधणीला गेलेले असतात. चांगला वकील अहवालात स्पष्ट लिहितो की अमुक सालचं रजिस्टर उपलब्ध झालं नाही. हे वाक्य दिसलं म्हणून घाबरू नका. ज्या अहवालात असं एकही वाक्य नाही आणि तीसच्या तीस वर्षं ‘निरंक’ आहेत, त्याबद्दल मात्र वकिलाला चार प्रश्न विचारा.

स्थानिक माहितीची आणखी उदाहरणं देते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी शहरात वसाहती आणि सोसायट्या झाल्या. त्यांतल्या अनेक जमिनी सरकारनं अटी घालून दिलेल्या होत्या आणि हस्तांतराला परवानगीचा प्रश्न येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये पूर्वीच्या नवनगर प्राधिकरणानं भूखंड भाडेपट्ट्यानं दिलेले होते, देहूरोड-दिघीच्या बाजूला लष्कराचा रेड झोन (बांधकामावर बंधन असलेला पट्टा) आहे, कॅम्पात जमिनीचा प्रकारच निराळा आहे. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर विकण्यावर बंधन आहे, देवस्थान इनाम असेल तर फारच मोठं. यातलं काही इंडेक्स टू मध्ये दिसत नाही. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली एक ओळ, चाळीस वर्षांपूर्वीचा एक फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), एवढंच काय ते दिसतं. ज्यानं त्या भागात दहा-वीस व्यवहार केलेत त्याला गावाचं नाव ऐकताच कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

आणि ‘स्थानिक’ म्हणजे तालुक्याच्या पातळीवर स्थानिक. तुम्ही उद्या मुळशीत प्लॉट बघायला लागलात तर मी स्वतः तुम्हाला पौडला बसणाऱ्या वकिलांकडे पाठवीन. कोकणात घेणार असाल तर त्या तालुक्यातला बघा. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी हल्ली गोव्यात घर घेतात आणि इथलाच वकील घेऊन जातात. तिथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मिळकत सामायिक असते आणि विकताना दोघांच्याही सह्या लागतात. शिवाय कोमुनिदादच्या (गावाच्या सामूहिक) जमिनी, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) हक्क. गोव्याचा वकील हे पहिल्या दहा मिनिटांत विचारतो.

आता तुमच्याच व्यवहारावर येते, कारण कोणता वकील चांगला हे त्यावरूनच तुम्हाला ताडता येईल. तुम्ही जे चार ओळींत लिहिलंय त्यात मला तीन ठिकाणी थांबावं लागलं. ज्या वकिलाकडे जाल त्याला हीच हकीकत सांगा आणि तो आपण होऊन कुठे थांबतो ते बघा.

पहिली जागा नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा याची ती सोय आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेला फ्लॅट आणि मृत्युपत्र नाही, असं असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तो पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई, या सगळ्यांचा होतो. शेअर सर्टिफिकेटवर एकट्या मुलाचं नाव आलं म्हणून आईचा आणि बहिणीचा हिस्सा संपत नाही. तुम्ही लिहिलेल्यात आईचा उल्लेख नाही, बहीण आहे की नाही तेही नाही. वकिलाचा पहिला प्रश्न हाच हवा: ‘वारस कोण कोण आहेत?’ असतील तर त्यांचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर त्यांनी स्वतः विक्रीच्या दस्तावर सह्या करायला हव्यात. नोटरीपुढे केलेलं ‘ना हरकत’ चालत नाही. मी अशी एक केस पाहिली आहे जिथे नागपूरला दिलेल्या बहिणीला घर विकल्याचं राखीपौर्णिमेला कळलं. तिची पैशांबद्दल तक्रारच नव्हती, ‘मला विचारलंही नाही’ हे तिला लागलं होतं. पण दावा लागला तो लागलाच, आणि त्यात घर घेणारं जोडपं सहा वर्षं कोर्टात फेऱ्या मारत राहिलं.

दुसरी जागा कुलमुखत्यारपत्राची. मुखत्यारानं मालकाच्या वतीनं खरेदीखतावर सही करणं कायदेशीर आहे, त्यात गैर काही नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलं, ती गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत बघायचं ते हे, की मुखत्यारपत्र अमेरिकेत नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत रीतसर झालंय का, महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलंय का, त्यात ‘विक्री करण्याचा, मोबदला स्वीकारण्याचा आणि दस्त नोंदवून देण्याचा’ अधिकार स्पष्ट शब्दांत आहे का, की नुसता फ्लॅट सांभाळायचा आणि भाडं घ्यायचा. देणारा हयात आहे ना, त्यानं ते रद्द केलेलं नाही ना. मी अशा वेळी मालकाला व्हिडिओ कॉलवर घेते, त्याच्याशी बोलते आणि नंतर ई-मेलवर लेखी घेते. काकांना याचा राग आला तर येऊ दे. पैसेही मालकाच्या खात्यात जावेत, काकांच्या नव्हे.

तिसरी जागा बहुतेक सगळे विसरतात. पन्नास लाखांवरच्या घराला खरेदीदारानं एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापायचा हे आता एजंटलाही पाठ झालंय. पण तो विक्रेता निवासी असेल तेव्हा. विक्रेता अनिवासी असेल तर एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर 23 जुलै 2024 पासून साडेबारा टक्के आहे, त्यावर अधिभार आणि उपकर. आणि विक्रेत्यानं आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर व्यवहारात ही कपात नुसत्या नफ्यावर न करता पूर्ण रकमेवर करण्याची वेळ येते. कमी कापलं तर खातं तुम्हाला धरतं, अमेरिकेतल्या माणसाला नव्हे. म्हणून वकिलाला सहज विचारा, ‘टीडीएस किती कापायचा हो?’ विक्रेता परदेशात आहे हे माहीत असूनही तो ‘एक टक्का’ म्हणाला तर चहा संपवून उठा.

हे तीन मुद्दे ज्याच्या तोंडून न विचारता आले, त्याला काम द्यायला माझी हरकत नाही. मग त्याचं ऑफिस एका खोलीचं असलं तरी चालेल.

असा माणूस शोधायचा कुठे? आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे इंटरनेटवर ठळक दिसणाऱ्या नावांवरून काहीच ठरत नाही. विचारत जावं लागतं. त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी रिसेल घेतला त्यांना विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की कोणत्या वकिलानं तुम्हाला सगळ्यांत जास्त कागद मागितले. त्यांना त्याचा वैताग आलेला असेल आणि तीच शिफारस. तुमच्या सीएला विचारा. शिवाजीनगर कोर्टात दिवाणी काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा की टायटलचे दावे चालवताना कोणाचे सर्च रिपोर्ट टिकलेले पाहिलेत. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील.

भेटायला जाल तेव्हा सनद (वकिलीचा परवाना) विचारायला संकोच करू नका. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा नोंदणी क्रमांक आम्ही आमच्या लेटरहेडवर लिहितोच. नावं झाकून एखादा जुना सर्च रिपोर्ट दाखवायला सांगा. सर्च तुम्ही स्वतः घेता की सर्च क्लार्क घेतो, हे विचारा. क्लार्क घेत असेल तर त्यात कमीपणा नाही, काही क्लार्क आमच्यापेक्षा जुन्या वह्या चांगल्या वाचतात, मोडीच्या काळातल्यासुद्धा. पण त्यानं आणलेली टिपणं वकील स्वतः मूळ दस्तांशी ताडून बघतो का, हे महत्त्वाचं. शोध शुल्क भरल्याचं चलान अहवालाला जोडतात का? महसुलाचे कागद, म्हणजे सातबारा, फेरफार किंवा मालमत्ता पत्रक स्वतः काढतात की विक्रेत्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबतात? कोर्टात दावा चालू आहे का ते बघतात का? जाहीर नोटीस देतात का? ही नोटीस वर्तमानपत्रात छापायला थोडा खर्च येतो आणि चौदा-पंधरा दिवस थांबावं लागतं, म्हणून एजंट ती टाळायला बघतात. तुमच्या व्यवहारात, जिथे वारसाचा प्रश्न आहे तिथे, मी ती दिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

2003 ची इमारत आहे तर भोगवटा पत्र (इमारत वापरायला पालिकेनं दिलेला दाखला) आहे का आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणं) सोसायटीच्या नावे झालंय का, हेही तो बघेल. झालं नसेल तर व्यवहार मोडायचं कारण नाही, पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांचं झालेलं नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरनं करून दिलं नाही तरी होणाऱ्या) मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. पण ते माहीत असून घ्यावं, आणि भावात धरावं.

फीबद्दल सरळ बोलते. फी आधी ठरवा आणि लेखी घ्या. त्यात काय काय आलं ते लिहून घ्या. सर्च, अहवाल, जाहीर नोटीस, साठेखत आणि खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, त्यानंतर सोसायटीत नाव लागेपर्यंतचं काम. घराच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याकडे जाऊ नका, कारण मग मोठा व्यवहार पार पडण्यात त्याचंही हित गुंतलं. व्यवहार मोडला तरी सर्चची फी द्यावी लागेल, हे मान्य करून जा. खरं तर ती फी तुम्ही ‘नाही’ ऐकण्याच्या हक्कासाठी देता. तुमच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्कच सात टक्क्यांनी 6 लाख 44 हजार होतं, नोंदणी फी 30,000, एजंटची दलाली वेगळी. वकिलाची फी यांच्या शेजारी ठेवून बघा. (घर घरातल्या एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे 92,000 वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. याचा निर्णय तुम्ही घरात बसून करा, पण वकिलानं तो पर्याय तुमच्यापुढे ठेवायला हवा.)

वकील निवडताना एवढी चौकशी का करायची याला आणखी एक कारण आहे. 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे वकिलानं हलगर्जी केली तर ग्राहक मंचात जायची वाट आता नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण दोन्ही वाटा लांबच्या आहेत. वेळ आहे ती निवडतानाच आहे.

अहवाल हाती आला की शेवटचं पान आधी वाचा. तिथे ‘या अटींच्या अधीन राहून’ असं काहीतरी असतं आणि सगळं सार त्यातच असतं. ‘वारसांचे हक्कसोडपत्र प्राप्त झाल्यास मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य’ असं लिहिलं असेल तर याचा अर्थ ती आज निर्वेध नाही. अहवाल तुमच्या नावानं, सहीशिक्क्यासह, तारीख घातलेला हवा. फोनवर ‘सगळं क्लिअर आहे, करा बिनधास्त’ म्हणणं याला अहवाल म्हणत नाहीत. मूळ कागद वकिलाकडे ठेवावे लागले तर पोच घ्या, माझ्याकडूनसुद्धा घ्या.

राहता राहिला शनिवार. सर्च व्हायला आठ-दहा दिवस लागतील आणि नोटिशीची मुदत त्याहून जास्त, म्हणजे शनिवारपर्यंत अहवाल येणार नाही. एजंट सांगेल की दुसरी पार्टी तयार आहे. असेलही. टोकन द्यावंच लागलं तर रोख देऊ नका, चेकनं किंवा बँक ट्रान्सफरनं थेट मालकाच्या खात्यात द्या आणि पावतीवर ही दोन वाक्यं लिहून घ्या: ‘खरेदीदाराच्या वकिलांच्या मते मिळकतीचे टायटल निर्वेध व विक्रीयोग्य नसल्यास, अथवा विक्रेता आवश्यक कागदपत्रे 30 दिवसांत देऊ न शकल्यास, ही संपूर्ण रक्कम सात दिवसांत विनाकपात परत केली जाईल. टायटलबाबत खरेदीदाराच्या वकिलांचे मत अंतिम राहील.’ काकांनी मुखत्यार म्हणून सही करावी आणि मालकानं अमेरिकेतून ई-मेलवर होकार द्यावा. ते याला तयार झाले नाहीत, तर टोकन देऊ नका.

त्याआधी, शक्यतो आजच, काकांना फोन करून चार कागद मागा: वडिलांचं मूळ खरेदीचं नोंदणीकृत करारपत्र इंडेक्स टू सह, वडिलांचा मृत्यूचा दाखला, कुलमुखत्यारपत्राची पूर्ण प्रत आणि मृत्युपत्र असल्यास ते. फोनवरच विचारा की त्यांच्या वहिनी, म्हणजे मुलाची आई, कुठे असतात आणि मुलाला बहीण-भाऊ किती. ते काय उत्तर देतात ते लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.